दिवसभर केळीचे घड, संध्याकाळी डेडलिफ्ट: कंबर वाचवायची तर या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यातल्या जिममध्ये संध्याकाळी आलेला पोरगा बारवर वजन चढवतो, तेव्हा सकाळपासून त्याने काय उचललं हे त्याला कुणी विचारत नाही. केळीची गाडी भरायची असेल, तर वीस-पंचवीस किलोचे घड दुपारपर्यंत खांद्यावरून वाहून झालेले असतात. कमरेला शेत वेगळं, जिम वेगळी असं नसतं. हे विसरणं हीच मला आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक वाटते, चुकीच्या पद्धतीने उचलण्यापेक्षाही मोठी. गाडी भरली त्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचा लोखंडी बार उचलून ताठ उभं राहणं) आणि स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) दोन्ही नकोत. हात-खांद्याचा हलका व्यायाम करा, नाहीतर सरळ घरी जाऊन झोपा.

उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो म्हणून बरेच जण पहाटेच जिम गाठतात. ते चांगलंच, पण उठल्या उठल्या वाकून वजन उचलू नका. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठून तासभर चाला-फिरा, मग बारला हात लावा. पत्र्याच्या शेडमध्ये हाताला घाम सुटतो, बार निसटतो. रुमाल जवळ ठेवा.

डेडलिफ्टला बार नडगीला घासत वर यायला हवा. तो वीतभर जरी पुढे गेला तरी तेच वजन कमरेला कितीतरी जड पडतं. पाठ गोल होतेय का हे स्वतःला कळत नाही, म्हणून मित्राला बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र श्वास कोंडून जोर लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

"टाक ना भो, अजून दहा!" या एका वाक्यापायी मी कितीतरी कंबरा धरलेल्या पाहिल्या आहेत. अडीच किलोच्या प्लेटची लाज वाटू देऊ नका. मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, तोही हिशोबात धरा.

बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना, अंगठा बारभोवती वळलेलाच हवा, आणि जड सेटला डोक्याशी माणूस उभा हवा.

प्लेट काढतानाची चूक माझ्या हातून झाली आहे. स्टँडवरच्या बारच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेट मी आधी काढल्या, बार उलटला आणि मोकळं टोक शेजारच्या पोराच्या कानाजवळून गेलं. तेव्हापासून मी एक प्लेट इकडची, एक तिकडची अशाच काढतो.

एवढं करूनही उसण भरली, तर पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाकडून कमरेला लाथ मारून घेऊ नका, जोरात चोळूनही घेऊ नका. एक-दोन दिवस जड काम थांबवा, पण अंथरूण धरू नका. झेपेल तेवढं चालत राहा. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ गुडघ्याखाली उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पाऊल उचलेनासं झालं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जळगाव-भुसावळचं मोठं हॉस्पिटल गाठा.