कुकरमधला चिकन भात: या चुका टाळा

ऑफिसमधून साडेसातला घरी आणि नऊला पानं वाढायची, अशा दिवशी कुकरमधल्या चिकन भाताला तोड नाही. तो बिघडला की आपण मसाल्याला नावं ठेवतो. खरी गडबड बहुतेक वेळा पाण्याची असते.

वरणभाताच्या कुकरचं माप इथे लावलं की भात गिचका होणारच. चिकनला स्वतःचं पाणी सुटतं, दही-टोमॅटोचं आणखी वेगळं. दोन वाट्या बासमती अर्धा तास भिजवून निथळला असेल, तर कुकरमध्ये सगळा मिळून तीन वाट्या ओलावा हवा. म्हणजे चिकन परतून झालं की तळाशी किती रस सुटलाय ते बघा. वाटीभर दिसला तर वरून दोनच वाट्या गरम पाणी घाला. तांदूळ नवा असेल तर त्याहूनही जरा कमी. इंद्रायणी मुळातच चिकट, त्याचा मोकळा पुलाव करण्याचा हट्ट धरू नका. तो रश्शासोबत खावा. कोलम मात्र छान होतो.

पाणी घातल्यावर आणि झाकण लावण्याआधी उलथन्याने तळ खरवडून घ्या. कांदा-मसाल्याचा चिकटलेला थर तसाच राहिला तर पहिल्या शिट्टीआधीच करपतो. करपलाच, तर ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, तळाला हातही लावू नका.

शिट्ट्या मोजताना कोंबडी कोणती ते आठवा. हाडासकट ब्रॉयलरला मध्यम आचेवर दोन पुरतात. बोनलेस छातीचे बारीक तुकडे तेवढ्यात कोरडे पडतात, म्हणून लेगपीस बरे. गावरान कोंबडी रविवारी करा! ती शिजेपर्यंत तांदळाची पेज होईल. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. भुकेपोटी शिट्टी उचलली की दाणा अर्धवट राहतो. राहिलाच कच्चा, तर पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून कुकर तव्यावर ठेवा आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ काढा.

फ्रीझरमधलं चिकन सकाळी ओट्यावर ठेवून ऑफिसला जाऊ नका. आदल्या रात्रीच खालच्या कप्प्यात हलवा. विसरलात तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. आतून गोठलेला तुकडा तसाच टाकला तर हाडाशी कच्चा राहतो, शिवाय पाण्याचं गणितही चुकवतो. नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुवायचंच असेल तर खोल पातेल्यात, हलक्या हाताने.

मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकून फारसं काही साधत नाही. बिनमिठाची काकडीची कोशिंबीर आणि साधं दही सोबत वाढा.

उरलेला भात रात्रभर कुकरमध्ये ठेवू नका. शिजलेल्या भातातही काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की सकाळी कितीही गरम करा, ते जात नाही. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचा असेल तर वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच.