बायकांच्या बरोबरीसाठी पुरुषांना सोबत घ्यायचंय? कारखान्यात या चुका टाळा

सोलापूरच्या पुरुषाला ‘बायकाही कमावतात’ हे पटवायला जाऊ नका. इथल्या कितीतरी घरांची चूल आईच्या, आजीच्या मांडीवरच्या बिडीच्या सुपावर पेटलीय. शहराजवळच्या कुंभारीत 2006 साली बिडी कामगार बायकांची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती अख्ख्या शहराने पाहिली. बाईच्या कमाईला इथे कुणाची ना नसते. अडतं ते तिने कांडी भरायचं, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायचं काम सोडून माग चालवायला घेतला की.

एका टॉवेल कारखान्यात मी काही वर्षं एचआरचं काम पाहिलं. खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे विरोध दिसला की त्याला बुरसटलेपणा म्हणून मोकळं होणं. शिलाईतल्या एका मुलीला माग शिकायचा होता. मी तिला सगळ्यात हुशार विणकराशेजारी उभं केलं. चार दिवसांत तो कुरकुरायला लागला. मी त्याला समानतेवर चांगलं लांबलचक ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “म्याडम, तुमचं सगळं बरोबर हाय की. पण हिला गाठ मारायला दाखवत बसलो, तोवर माग बंद. ह्या आठवड्याची मजुरी कोण देणार?”

जेवढा माल तेवढी मजुरी, हे मला माहीत होतं, सुचलं मात्र नव्हतं. मालकांशी भांडून शिकवण्याच्या दिवसांची मजुरी त्याच्या आधीच्या सरासरीने धरायला लावली. कुरकुर थांबली. मग तोच विणकर तुटलेला धागा स्वतः न जोडता तिला शोधायला लावायचा, आणि तिचा हात चालत्या धोट्याकडे (मागावर धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाकडे) गेला की ओरडायचा. म्हणून आधी त्याचा खिसा बघा, मन नंतर.

आठ मार्चचा कार्यक्रम ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्यावर भिस्त नको. बायकांना गुलाब मिळतो, पुरुष मागे उभे राहून समोसा खातात. त्यापेक्षा चहाच्या सुट्टीत पाच-सहा जणांशी बोला, आणि सुरुवात जॉबरपासून, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसापासून करा. मालकाचं भाषण सगळे ऐकतात, पण कुठला माग कुणाला द्यायचा हे जॉबर ठरवतो.

“घरी आई-बहीण नाही का?” हे वाक्य तर कायमचं सोडा. त्यातून सोबती नाही, राखणदार तयार होतो. “ताई, तुम्ही बसा, मी करतो,” असं म्हणत तो तिच्या हातातलं काम काढून घेतो. कामाबरोबर त्या कामाचा दरही जातो. तिने हाक मारली तर जा, एवढंच सांगा.

चावट विनोद चालू असतात तेव्हा त्या एकट्या मुलीने आवाज चढवावा अशी अपेक्षा धरू नका. जुन्या, मान असलेल्या एखाद्या कामगाराला आधीच बाजूला घ्या आणि नेमकं काय बोलायचं ते ठरवून द्या. “बास की आता.” एवढे तीन शब्द पुरतात, पण ते पुरुषाच्या तोंडून आणि त्याच क्षणी यायला हवेत.

विनोदापलीकडे गेलेली गोष्ट मात्र आपसात मिटवायला बसवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष बाईच असते आणि निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात. त्याहून लहान कारखान्यातली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. साधारण तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. पुरुषांना यातलं एक काम नक्की सांगा: पाहिलं असेल तर पाहिलं म्हणायचं. आणि तक्रार कुणाची, काय, याची चर्चा टपरीवर करायची नाही.

शेवटची चूक करताना मला फार छान वाटलं होतं. त्या विणकराला सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला ‘ताईंचा भाऊ’ म्हणून चिडवायला लागले, आणि आठवडाभर तो तिच्या मागाकडे फिरकला नाही. पुढच्या दोन मुलींच्या वेळी शिकवायला दोन वेगळे विणकर नेमले. मजुरीचा हिशेब पहिल्याच दिवशी लिहून दिला. शाल कुणालाच दिली नाही.