नागपुरात हायब्रीड आयरिस लावताय? आधी जुलैचा विचार करा

कोजागिरी आटोपली, सोयाबीन घरात आलं आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की हमखास विचारणा सुरू होते, "भाऊ, मोबाईलवर दिसते ते निळं-जांभळं झालरीचं आयरिस आपल्याकडे येईल का?" हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येत नाही. आयरिसमध्ये शेकडो मूळ जाती आणि हजारो हायब्रीड वाण आहेत. काही थंड डोंगरातले, काही कोरड्या माळावरचे, काही चक्क दलदलीतले. आपल्या हातात कोणता कंद आहे हे आधी कळलं पाहिजे.

फोटोत दिसतं ते बहुतेक वेळा 'बिअर्डेड' आयरिस असतं. खालच्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ पट्टी असते, तीच त्याची दाढी. फुलण्यासाठी त्याला कित्येक आठवडे सलग थंडी लागते. नागपुरात थंडी पडते, नाही असं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण अशा रात्री मोजक्याच, आणि दुपारी पुन्हा २७-२८ अंश. त्यामुळे पानं तलवारीसारखी छान उभी राहतात आणि फूल येत नाही. त्याहून मोठा घात पाऊस करतो.

मी स्वतः हौसेनं चौदा गड्डे लावले होते, तेही काळ्या जमिनीत, सपाट वाफ्यात. मे महिना त्यांनी सहज काढला, म्हणून मी खूश होतो. जुलैत आठवडाभर झड लागली. पोळ्याच्या सुमारास एक पान सहज ओढून पाहिलं तर पानांचा पूर्ण पंखा हातात आला. गड्ड्यावर अंगठा दाबला तर आत रुतला, आणि सडक्या बटाट्यासारखा वास दोन दिवस हाताचा गेला नाही. ही जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज. चौदापैकी दोन गड्डे वाचले, तेही वाफ्याच्या उंच कडेला होते म्हणून.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. नागपूर, कळमेश्वर, सावनेर, काटोल या पट्ट्यात दोनच गटांवर पैसे लावा: हिवाळ्यापुरतं डच आयरिस, आणि कायमचं लावायचं तर लुईझियाना आयरिस.

डच आयरिसचा कंद छोट्या कांद्याएवढा असतो. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडच्या जातींचा संकर करून हे वाण हॉलंडमध्ये तयार झाले. त्या मूळ मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून हा कंद हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात झोपतो. याला सरळ रब्बीचं पीक समजा, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. लावायची घाई नको. ऑक्टोबरात जमीन अजून तापलेली असते. हरभऱ्याची पेरणी उरकली की, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा.

कंद घेताना आकार बघा, स्वस्ताईला भुलू नका. बारीक कंद तीन पानं टाकतो आणि थांबतो, त्या वर्षी फूल देत नाही. घेर ८ सेंटीमीटरच्या वर असलेले, दाबल्यावर टणक लागणारे, बुरशीचा डाग नसलेले कंद निवडा. शीतप्रक्रिया केलेले, म्हणजे आधीच थंडीत ठेवलेले आहेत का, हेही विक्रेत्याला विचारा. केलेले नसतील तर जाळीच्या पिशवीत घालून पाच-सहा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवता येतात, मात्र बर्फाच्या कप्प्यात नको आणि सफरचंद-केळ्यांच्या शेजारीही नको. आयरिसचं 'बी' म्हणून रंगीत पाकिटं विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका विक्रेत्याकडून मी घेतलेल्या पाकिटातून शेवटी कसलंसं गवत उगवलं. आणि खरं बी मिळालं तरी हायब्रीडच्या बियांपासून आईसारखं फूल मिळत नाही, वर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

आता जमीन. आपल्या भारी काळ्या मातीत मूठभर रेती कालवून काही होत नाही, उलट वाळल्यावर वीट बनते. त्यापेक्षा वरून फूटभर उंच गादीवाफा उभा करा: गाळाची किंवा पोयट्याची माती, कन्हान नदीची जाडसर रेती आणि दोन वर्षं मुरलेलं शेणखत. कच्चं शेणखत घातलंत तर कुजीला आमंत्रण. शेणखतात ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी मित्रबुरशी) मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलं ठेवलं तर उत्तम. एक गोष्ट फुलशेती करणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. ग्लॅडिओलस आणि आयरिस एकाच कुळातले, आणि ग्लॅडिओलसची मर पाडणारी फ्युजेरियम बुरशी आयरिसलाही धरते. ज्या वाफ्यात गेल्या दोन-तीन हंगामांत ग्लॅडिओलस होतं, तिथे हे लावू नका.

कंद टोक वर करून चार इंच खोल लावा, दोन कंदांत चार-पाच इंच अंतर ठेवा. एक पाणी देऊन वरून सोयाबीनचं कुटार (भुसा) पातळ अंथरा, त्यानं दुपारी माती तापत नाही. त्यानंतर पाण्याचा अंदाज बोटानं घ्यायचा: दोन इंच खालची माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. तेवढा वाफसा राखायचा. पाट सोडून वाफा भरू नका, ठिबक किंवा झारी बरी. युरियाचा मोह टाळा. लुसलुशीत पानं येतात आणि देठ लोळतो.

कळी पानांच्या म्यानात असते तेव्हाचे दिवस नाजूक. त्या वेळी पाण्याचा एक ताण पडला, अचानक उष्मा वाढला किंवा सावली जास्त झाली, तर कळी आतल्या आत सुकते. बाहेरून झाड हिरवंगार असतं आणि माणूस वाट बघत राहतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पूर्ण ऊन द्या, हिरवी जाळी लागलीच तर फेब्रुवारीत दुपारपुरती. आपल्याकडे फेब्रुवारीत अवकाळी आणि गारपीट ठरलेलीच. गारांपुढे काही चालत नाही, पण पाऊस उघडल्यावर वाफ्याच्या कडेनं चर मोकळा करणं आपल्या हातात आहे. फुलकिडे पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे पाडतात, त्यासाठी निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क कळी दिसण्याआधीच सुरू करा.

सीताबर्डीच्या फूलबाजारात पाठवायचं असेल तर फूल उमलू देऊ नका. म्यानातून रंगाचं टोक पेन्सिलीच्या शिसासारखं बाहेर डोकावलं की पहाटे कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. पाण्यातही हे फूल चार-पाच दिवसच टिकतं, त्यामुळे ग्राहक ठरल्याशिवाय अर्धा एकर लावायचा विचारही करू नका. पहिल्या वर्षी एक गुंठा पुरे.

लुईझियाना आयरिसचा स्वभाव उलटा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतल्या जातींपासून हे हायब्रीड झाले. उकाडा सोसतात, ओल मागतात. शेततळ्याच्या काठावर किंवा मोटारीच्या हौदाशेजारी, जिथे आपण अळू लावतो, तिथे हे रमतात, आणि आपली झड त्यांना बाधत नाही. गड्डा हळदीसारखा आडवा लावून दीड-दोन इंच मातीनं झाका. अडचण एकच. त्यांना थोडी आंबट माती लागते आणि आपली चुनखडीची. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्यावर लोहाची कमतरता जशी दिसते तशीच ही, संत्रावाल्यांना वेगळं सांगायला नको. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा आणि पालापाचोळ्याचं खत भरपूर घाला. एप्रिल-मेमध्ये मुळं कोरडी पडू देऊ नका, पण कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी ओतू नका. दिवसभर पाणी उडून खाली क्षार साठतात, आणि पानांची टोकं करपतात ती त्यामुळेच.

रोपवाटिकेत 'आफ्रिकन आयरिस' म्हणून मिळतं ते खरं आयरिस नव्हे, डिएटिस. एक-एक दिवस टिकणारी पांढरी फुलं येतात. कुंपणाला चिवट आणि चांगलं, फक्त हायब्रीड आयरिसच्या भावानं घेऊ नका. कोणत्याही आयरिसचे कंद पोटात गेले तर त्रास होतो, म्हणून बकऱ्या आणि लहान मुलं यांच्यापासून दूर ठेवा.

इतकं सांगूनही कुणाला बिअर्डेड लावायचंच असेल, तर बारा इंची कुंडीत लावा. अर्धी जाड रेती आणि बारीक मुरूम, अर्धी माती, तळाला मोठी भोकं. गड्ड्याची पाठ मातीबाहेर दिसली पाहिजे. कुजलेला भाग दिसला तर स्वच्छ सुरीनं टणक गाभ्यापर्यंत खरवडा, दोन दिवस हवेशीर सावलीत सुकवा आणि संत्र्याच्या बुंध्याला लावता ती मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कापलेल्या जागी लावा. मृग लागायच्या आत कुंड्या छपरीखाली घ्या आणि दसऱ्यापर्यंत जेमतेम पाणी द्या. कुंडीवर वाणाचं नाव ऑइल पेंटनं लिहा. खडूचं नाव पहिल्याच सरीत पुसतं, आणि पावसाळ्यात सगळे गड्डे सारखेच दिसतात.