वाळवंटी रॅलीची तयारी : आधी पुढचं चाक मोजा

निपाणी-चिकोडीकडं कुणी मोटरसायकल रॅलीचं नाव काढलं, की पहिली चौकशी सस्पेन्शनची. ते राहू द्या. भारी सस्पेन्शनवाला रोडबुक, म्हणजे वाटेवरच्या खुणांची चित्रवही, वाचायला चुकला की चुकीच्या दिशेनं जास्त वेगात जातो, एवढंच.

रोडबुकात प्रत्येक खुणेचं अंतर आणि दिशेचा अंश असतो. म्हणून ट्रिपमीटरात, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर दाखवणाऱ्या मीटरात, घातलेला चाकाचा घेर अचूक हवा. 21 इंची पुढच्या चाकाचा घेर साधारण 2180 मिमी. तक्त्यातला आकडा मात्र घालू नका. सामान लादा, स्वतः गाडीवर बसा, टायरवर खडूची रेघ मारा, कुणाला तरी ढकलायला लावा. दहा फेऱ्यांचं अंतर टेपनं मोजून दहानं भागा. भरला 2160 आणि मीटरात राहिला 2180, तर 60 किमीला सुमारे 550 मीटरचा फरक. वळण तुम्ही अलीकडेच घेणार.

खरा घोळ पुढेच आहे. मऊ वाळूत नागमोडी गेलात, टेकाडाला वळसा घातलात, की मीटर जादा दाखवतं. ते पक्क्या खुणेवर दुरुस्त करायचं. पक्की म्हणजे रोडबुकातलं चित्र जुळलं, आकडा जवळपास जुळला आणि वळल्यावर कंपासचा अंशही जुळला. तिन्ही! दोनच जुळले तर मीटरच्या बटणाला हात लावू नका. चुकीच्या फाट्यावर आकडा जुळवला, की पुढची प्रत्येक खूण तेवढीच सरकते, आणि चूक कुठं झाली हे सांगणारा फरकही तुम्हीच पुसलेला असतो. मन सारखं म्हणतं, हाच तो फाटा. ऐकू नका. शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागं फिरा. पुढच्याची चाकोरी धरून जाणं तर त्याहून वाईट, तोही चुकलेला असू शकतो.

घाबरायचं कारण नाही, हे सगळं इथल्या पाणंदीत शिकता येतं. मित्रानं 15 किमीचं रोडबुक काढायचं, तुम्ही फोन खिशात ठेवून ते चालवायचं. काळी माती ओली असताना जाऊ नका, चिखल मडगार्डात बसून चाक अडकतं. उभ्या पिकातून आणि खानापूरच्या जंगलातून तर नाहीच.

शिकवणारा फक्त उड्या दाखवत असेल तर पैसे वाचवा. आपला भारतीय रायडर हारिथ नोआ 2024 च्या डाकार या वाळवंटी रॅलीत रॅली-2 गटात (सर्वोच्च गटाच्या खालच्या) पहिला आला. तो सुपरक्रॉसमधून, म्हणजे उड्यांच्या ट्रॅकवरच्या शर्यतींतून आलेला, पण डाकारमध्ये रोडबुक वाचल्याशिवाय कुणाचंच चालत नाही.

मूस, म्हणजे ट्यूबऐवजी टायरात बसवायचा फोम, घालताना जेल सढळ हातानं लावा. कोरडा मूस तापून आतल्या आत फाटतो. आणि टायर बदललात, की घेर पुन्हा मोजा.