कझाकस्तानचं राष्ट्रचिन्ह काढायचंय? मग मधून सुरुवात करा

शाळेचे प्रोजेक्ट आले की नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात पोरांची झुंबड उडते, आणि "मध्य आशियातला एक देश" असा विषय असला की कझाकस्तान बऱ्याच जणांच्या वाट्याला येतोच. मग होतं काय, सगळे आधी ते पंखवाले घोडे काढायला बसतात कारण ते भारी दिसतात, आणि मधलं गोल चक्र शेवटी कसंतरी कोंबतात. कृपया असं करू नका, सगळा अर्थ त्या मधल्या चक्रातच आहे.

त्याला शानिराक म्हणतात. भटक्या कझाक लोकांचा गोल तंबू असतो ना, त्याच्या अगदी माथ्यावरचं हे लाकडी कडं, आत आडव्याउभ्या वाकवलेल्या पट्ट्या, तिथूनच धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. छपराचे सगळे दांडे याच कड्यात येऊन रुततात म्हणून हे नसेल तर छप्परच उभं राहणार नाही. वडिलोपार्जित घर परंपरेने धाकट्या मुलाकडे जातं, त्या घरालासुद्धा शानिराकचंच नाव आहे. देशात राहणाऱ्या सगळ्यांचं एकच घर, एवढं मोठं सांगणं त्या एका कड्यात बसवलंय, मला तर हे फार आवडतं.

तर राऊंडरने आधी मोठं वर्तुळ, मधोमध शानिराक, मग त्यातून चहूबाजूंना निघणारे दांडे. हे दांडे सूर्यकिरणांसारखे पसरायला हवेत म्हणून घाई करू नका, अंतर सारखं ठेवा. मागे आकाशी निळा, बाकी सगळं सोनेरी, पोस्टर कलर घेतलात तर निळा पूर्ण वाळू द्या मगच सोनेरी लावा.

आता घोडे. हे तुलपार, लोककथांमधले उडणारे घोडे, दोन्ही बाजूंना एकेक. जवळून बघा, शिंगं चंद्रकोरीसारखी आहेत आणि पंखांची पिसं धान्याच्या कणसांसारखी. वर पाच टोकांचा तारा.

खालच्या नावाकडे नीट लक्ष द्या. चिन्ह स्वीकारलं ४ जून १९९२ ला, झांदारबेक मेलिबेकोव्ह आणि शोता वालिखानोव्ह यांचं डिझाइन, तेव्हा नाव सिरिलिक लिपीत होतं, २०१८ मध्ये ते लॅटिन केलं. नेटवर जुनी चित्रं अजून फिरतायत, तेव्हा प्रिंट काढण्याआधी बघा, नवीन चित्रात नावाची सुरुवात क्यू ने होते आणि मधे परत एक क्यू येतो.

चार्टवर जागा उरली तर शेजारी सोव्हिएत काळातलं चिन्ह छोटं काढा. त्यात मधे विळा-हातोडा, खाली उगवता सूर्य, भोवती गव्हाच्या लोंब्या, वर लाल तारा. विळा-हातोड्याच्या जागी घराचा माथा आला, हे दोन चित्रं शेजारी ठेवली की पोरांना आपोआप दिसतं.

आणि लाल कापडावर पिवळ्या सूर्यात असंच कडं दिसलं तर तो किर्गिझस्तानचा झेंडा, तो या चार्टवर चिकटवू नका.