रेणूंची फिल्म करताना कॅमेऱ्याच्या जागा कशा सांभाळाव्यात

एमएस्सीच्या प्रोजेक्टात नाहीतर पीएचडीच्या पहिल्या वर्षात कधीतरी गाइड म्हणतात, "याची छोटीशी फिल्म करून आण, सेमिनारला दाखवू." मग बरेच जण माउसने प्रोटीन गरगर फिरवतात आणि स्क्रीन रेकॉर्ड करतात. बघणाऱ्याला भोवळ येते आणि मुद्दा कुठे होता ते शेवटपर्यंत कळत नाही. कॅमेरा कुठेकुठे थांबणार ते आधी ठरवा, त्या जागा नाव देऊन सेव्ह करा आणि मधला प्रवास सॉफ्टवेअरवर सोपवा.

मी कायमेराएक्स वापरते, रेणूंच्या त्रिमितीय रचना दाखवणारं सॉफ्टवेअर. शैक्षणिक कामासाठी ते मोफत आहे. 'व्ह्यू नेम' लिहून पुढे नाव दिलं की समोरचं दृश्य जपलं जातं. नंतर 'व्ह्यू', ते नाव आणि ६० असं लिहिलं की कॅमेरा ६० फ्रेममध्ये तिथे सरकत जातो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हे झाले २.४ सेकंद. त्याच्या लगेच खाली 'वेट ६०' हवंच, नाहीतर कॅमेरा पोचायच्या आत पुढची आज्ञा सुरू होते. पोचल्यावर आणखी ५० फ्रेम थांबा. आपण तो रेणू महिनोन् महिने पाहिलेला असतो, समोरचे लोक पहिल्यांदाच बघत असतात.

आता जागा कुठल्या निवडायच्या? हिमोग्लोबिन घ्या, पीडीबीतली (प्रोटीनच्या रचनांच्या सार्वजनिक साठ्यातली) ४एचएचबी ही ऑक्सिजन नसलेली रचना. पहिली जागा चारही साखळ्या, म्हणजे पूर्ण टेट्रामर, दिसेल अशी, दुसरी एका अल्फा साखळीतल्या हीमजवळ (मधोमध लोह असलेलं, ऑक्सिजन धरणारं सपाट कडं). तिसरीवर मात्र वेळ घालवा. ऑक्सिजन नसताना लोह हीमच्या प्रतलाबाहेर, हिस्टिडिन ८७ च्या (साखळीतल्या ८७व्या अमिनो आम्लाच्या) बाजूला, सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकलेलं असतं. हीम समोरून पाहिलं तर सुबक दिसतं, पण हे सरकणं नेमकं आपल्या नजरेच्या दिशेने असल्यामुळे दिसतच नाही. म्हणून हीमचं कडं जवळजवळ रेघेसारखं दिसेपर्यंत फिरवा, हिस्टिडिन खाली येऊ द्या, आड येणाऱ्या साखळ्या लपवा. लोहाचा गोळा मूळ आकारात असेल तर तो सगळं झाकून टाकतो. तो बारीक करा. रेघेच्या किंचित खाली लोखंडाचा ठिपका दिसला की जागा सेव्ह करा. व्ह्यू१, व्ह्यू२ असली नावं देऊ नका. 'टेट्रामर', 'हीम', 'कड' असं काहीतरी द्या, म्हणजे क्रम बदलला तरी डोकं शाबूत राहतं.

सेव्ह केलेल्या व्ह्यूमध्ये कॅमेरा आणि क्लिपिंग (पुढचा-मागचा भाग कुठे कापायचा ते) तर असतंच, शिवाय मॉडेल कुठे ठेवलंय तेही असतं. नवख्यांचा घोटाळा होतो तो इथेच. आधी व्ह्यू सेव्ह केला, मग मॅचमेकर या आज्ञेने दोन रचना एकमेकींवर बसवल्या आणि पुन्हा तो व्ह्यू बोलावला, तर सरकवलेली रचना जुन्या जागी परत जाते. ऑक्सिजनवाली १एचएचओ घेत असाल तर आणखी एक गोष्ट: त्या फाइलमध्ये एकच अल्फा आणि एकच बीटा साखळी आहे, पूर्ण टेट्रामर सममितीवरून तयार करावा लागतो. हे सगळं उरकून, सगळ्या रचना जागेवर बसल्यावरच पहिला व्ह्यू सेव्ह करा.

रंग, काय दाखवलंय आणि काय लपवलंय, हे व्ह्यूमध्ये येत नाही. पायमॉल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला 'सीन' ते सगळं बरोबर घेतो, म्हणून पायमॉलवरून आलेली मंडळी इथे गोंधळतात. (पायमॉलमध्ये 'गेट व्ह्यू' १८ आकडे छापतं, ते स्क्रिप्टमध्ये चिकटवले की तीच जागा हुकमी मिळते. मला ही सोय फार आवडते.) कायमेराएक्समध्ये रंग बदलायच्या आधी 'क्रॉसफेड' लिहा, म्हणजे बदल धक्का न बसता होतो.

'टेट्रामर'वरून थेट 'कड'वर उडी मारू नका. झूम आणि मोठं वळण एकाच वेळी झालं की बघणारा हरवतो. आधी 'हीम'पर्यंत सरळ आत जा, थांबा, मगच वळा.

नावं दिलेले व्ह्यू सेशन फाइलमध्ये राहतात, पण फिल्मच्या आज्ञा वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवा. गाइडना दुसरा थांबा लांब हवा असेल तर एक आकडा बदलायचा, बस्स. खिडकीचा आकार व्ह्यू सेव्ह करण्याआधीच ठरवा, कारण चौकोनी खिडकीत बसवलेलं दृश्य रुंद पडद्यावर तसंच बसेल असं नाही. आणि चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं 'सुपरसॅम्पल ३' शेवटच्या रेकॉर्डिंगलाच लावा. कच्च्या फिल्मसाठी ते लावून संगणकासमोर ताटकळत बसण्यात अर्थ नाही.