मिरगाआधी येझदीची टाकी रिकामी करा
पणजीत जुनी येझदी मोटरसायकल सांभाळणाऱ्यांसाठी. जून ते चवथ गाडी उभी राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवायचा जुना सल्ला आता विसरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. तीन महिन्यांत पाणी तळाशी बसतं, पत्र्याला आतून गंज धरतो. मी एका वर्षी आळस केला. सप्टेंबरमध्ये टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढला तर चहाच्या गाळासारखा तांबूस चुरा हातात आला.

म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, वाटीभर टू-स्ट्रोक ऑइल ओतून ती सगळ्या बाजूंनी हलवा आणि झाकण लावा. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल (तळाची पेट्रोल साठणारी वाटी) उघडून पुसून घ्या, नाहीतर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, चिकटा बसतो. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, इग्निशन बंद ठेवून दोन-चार हलक्या किका मारा. बॅटरी काढून घरात ठेवा.

त्याआधी मडगार्डची आतली बाजू आणि स्पोक गोड्या पाण्याने धुऊन सुकवा. मिरामार किनाऱ्याची खारी हवा क्रोमवर नाही, स्पोकच्या निपलपाशी (रिमला स्पोक धरणाऱ्या नटापाशी) आधी चावते. तिथे ग्रीसचं बोट फिरवा.

वर प्लास्टिक मुळीच नको, आत घाम धरतो. आईची जुनी सुती चादर उत्तम. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, आणि ‘चिंधी काढ’ अशी चिठ्ठी किल्लीला बांधा. का, ते विचारू नका.